मोटरकाकांचं नाक

जळगाव जिल्ह्यात एखादी चांगली वस्तू खपवायची असेल, तर जाहिरात, पोस्टर, रिक्षावरचा भोंगा यांतलं काहीही करायची गरज नव्हती. ती वस्तू एकदा आमच्या मोटरकाकांना आवडली म्हणजे झालं. मोटरकाका म्हणजे जळगावजवळच्या आमच्या असोदा गावातले मोटर वाईंडिंगवाले. विहिरीतली, बोअरमधली मोटर जळाली की ती वर ओढायची, उघडायची, तिच्यात तांब्याची नवी तार भरायची आणि पुन्हा खाली सोडायची, हा त्यांचा धंदा. मे महिन्यात केळीचा बाग चार दिवस तहानला तर शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं, त्यामुळे गावात त्यांना डॉक्टरपेक्षा जास्त मान होता. मूळचे ते धुळ्याकडचे, साक्रीच्या बाजूचे. मी चौथीत असताना बायकोला घेऊन ते गावात आले, बसस्टँडजवळ एक गाळा भाड्याने घेतला, आणि वर्षाच्या आत गावातल्या प्रत्येक घरात त्यांनी सुचवलेली निदान एक तरी वस्तू येऊन पडली.

त्यांचं बोधवाक्य एकच होतं. ते अहिराणीत असायचं, कारण मनापासूनचं सगळं ते अहिराणीतच बोलत. "चांगली चीज एकलानी ठेवानी नही." म्हणजे चांगली वस्तू एकट्यानेच ठेवून घ्यायची नाही. जळगावच्या एका दाताच्या डॉक्टरने त्यांची दाढ न दुखवता काढली, तर पुढचे दोन महिने ते गावभर लोकांना तोंड उघडायला लावत फिरले. एका मंगळवारी तर त्या डॉक्टरच्या दारात असोद्याची अकरा माणसं ओळीने बसली होती आणि डॉक्टरने काळजीने विचारलं होतं, की तुमच्या गावाच्या पाण्यात काही आहे का? त्या अकरांत मीही होते. माझे दात उत्तम होते. "दुखत नाही तवरच दाखवावं," असं काकांचं म्हणणं, आणि आमच्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, काकांपुढे काही चालत नसे. धुळ्याच्या एका शिंप्याचंही तेच. त्याने शिवलेल्या पायजम्याची नाडी कधी आत जात नाही, या एका गुणावर काकांनी सबंध गल्लीचं कापड धुळ्याला नेलं. मापं घ्यायचं मात्र ते विसरले आणि तिथे गेल्यावर सगळ्यांसाठी स्वतःचंच माप देऊन मोकळे झाले. काका सहा फुटी. आबा त्या उन्हाळ्यात पायजमा चार घड्या दुमडून हिंडत होते, पण नाडी खरोखरच कधी आत गेली नाही, हे त्यांनाही कबूल करावं लागलं. मच्छरदाणी, मुरमाड जमिनीत चालणारी चप्पल, चोपड्याच्या बाजारातली एक मिरची, तळपायाच्या भेगांवरचं मलम: किती सांगू? माझा नवरा ही माझ्या संसारातली एकमेव मोठी वस्तू काकांच्या शिफारशीशिवाय घरात आली, आणि तिच्या गुणदोषांची जबाबदारी मी त्यांच्यावर टाकू शकत नाही.

अशा या माणसाने एक गोष्ट मात्र कधी कोणाला सुचवली नाही, आणि ती म्हणजे त्यांचा देव. काका ख्रिस्ती होते. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं; ठाऊक नाही अशी एकट्या काकांचीच समजूत होती. दर रविवारी सकाळी ते आणि त्यांची बायको धुतलेले कपडे घालून जळगावला निघायचे. कोणी विचारलं, "कुठी चालले भाऊ?" की काका म्हणायचे, "माल आणायला." रविवारी जळगावातली मोटरच्या सामानाची दुकानं बंद असतात, हे पोरासोरांनाही माहीत होतं. हातातल्या पिशवीत वर एक जुना कपॅसिटर असे आणि त्याच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बायबल. त्या एकाच कपॅसिटरने मला वाटतं तीसेक वर्षं चर्चची वारी केली असेल. नाताळच्या चांदणीचीही तीच तऱ्हा. ती वेगळी लावली तर लोक विचारतील, म्हणून काका दिवाळीतच चांदणीच्या आकाराचा आकाशकंदील टांगायचे आणि तुळशीचं लग्न होऊन गेलं, गावातले बाकीचे कंदील माळ्यावर गेले, तरी तो उतरवायला विसरायचे. ते विसरणं जानेवारीपर्यंत चाले. नाताळात त्यांच्या बायकोच्या करंज्या आमच्याकडे यायच्या, त्या देताना काका नेहमी म्हणायचे, "काही नाही, सहज केल्या होत्या."

आता नाकाची गोष्ट. काका गावात नवीन असताना आमच्या मळ्यातली मोटर जळाली. सकाळपासून ते विहिरीवर राबत होते, म्हणून दुपारी आबांनी त्यांना घरी जेवायला आणलं. आईने ताट वाढलं. काकांनी मान खाली घातली, डोळे मिटले आणि ताटावर वाकून ते क्षणभर तसेच बसले. आई घाबरली. पाहुणा वाढलेल्या ताटासमोर डोळे मिटून बसला, तर बाईच्या मनात पहिली शंका येते ती स्वतःच्या भाजीबद्दल. ती म्हणाली, "काय झालं भाऊ? भाजी बिघडली का?" काकांनी दचकून डोळे उघडले. समोर अनोळखी घर, दारात गळ्यात माळ घातलेले माझे आजोबा, आणि काकांचा धंदा अजून जेमतेम उभा राहत होता. ते म्हणाले, "नाही वहिनी, वास घेत होतो. चांगलं झालंय." खरं तर आबा स्वतः ताटाभोवती पाणी फिरवून, हात जोडून मगच घास घ्यायचे. आमच्या घरात जेवणापूर्वी देवाचं नाव घेतल्याने कोणाच्या भुवया उंचावल्या नसत्या. पण काकांच्या तोंडून 'वास' हा शब्द निघाला तो निघाला.

आईला ते उत्तर फारच आवडलं. घास न घेता, नुसत्या वासावर भाजीची पारख करणारा माणूस तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता. तिने ते शेजारी सांगितलं, शेजारणीने माहेरी सांगितलं, आणि बघता बघता काकांच्या नाकाचं नाव झालं. कोणाचं तूप कढलं की नाही, कोणाचे पापड खवट झालेत का, हे बघायला वाट्या गाळ्यावर येऊ लागल्या. थंडीत मळ्यामळ्यात भरीत पार्ट्या सुरू झाल्या की काकांना आमंत्रणांचा नुसता पाऊस. आमच्याकडची मोठी हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, सोलून, ठेचून, त्यात मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात पडली, की ते भरीत पहिल्यांदा काकांसमोर यायचं. पन्नास माणसं पंगतीत भाकरी हातात धरून गप्प बसायची. काका डोळे मिटायचे, वाकायचे, आणि डोळे उघडून म्हणायचे, "चांगलं झालंय." मग पंगत भरतावर तुटून पडायची. अख्ख्या असोद्याने त्यांच्या प्रार्थनेसाठी असा श्वास रोखून धरलेला असायचा, आणि ते बिचारे प्रत्येक वेळी खोटं बोलल्याबद्दल मनातल्या मनात माफी मागत असायचे. हे अर्थात आम्हाला फार नंतर कळलं.

या नाकाने एकदा आमच्या घरात महाभारत घडवलं. माझी काकू, म्हणजे आबांच्या धाकट्या भावाची बायको, लोणच्यासाठी प्रसिद्ध होती आणि हे प्रसिद्धीपत्रक ती स्वतःच रोज वाचून दाखवत असे. त्या वर्षीची बरणी तिने पहिल्यांदा उघडली तेव्हा काका जेवायला होते. फोड ताटात पडली. काकांनी डोळे मिटले. एरवी पाच मोजायच्या आत उघडणारे डोळे त्या दिवशी उघडेचनात. आम्ही वाट बघतोय, काकू पदराचं टोक पिळतेय, आणि काकांच्या मिटल्या डोळ्यांतून चक्क पाणी आलं. मग डोळे पुसून ते काही न बोलता उठले, हात धुतले आणि निघून गेले. "चांगलं झालंय" म्हणालेच नाहीत! झालं. वासानेच माणूस रडला, म्हणजे लोणचं किती बिघडलं असेल? काकूने रागाने सबंध बरणी उकिरड्यावर पालथी केली, बरणी चांगली धुऊन घेतली नाहीस असा ठपका आईवर ठेवला, आणि दोघी जावा एका चुलीवर स्वयंपाक करत तीन महिने एकमेकींशी बोलल्या नाहीत. मीठ हवं असलं तरी मला मध्ये घालून मागायच्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काकांच्या बायकोचं धुळ्याच्या दवाखान्यात निधन झालं. ती इतकी आजारी होती हे गावाला शेवटच्या आठवड्यात कळलं. काकांनी कोणाला काही सांगितलंच नव्हतं. आबा त्यांना रागावले, मग त्यांच्या शेजारी गाळ्यावर नुसते बसून राहिले. तेव्हापासून काकांचं रात्रीचं जेवण आमच्याकडेच. आबा आणि काका यांची दोस्ती अशी, की दोघे तासभर बसले तरी बोलण्यातली नव्वद टक्के वाक्यं व्होल्टेजबद्दल असायची. पण आबांना ताप आला तर थर्मामीटर काकाच घेऊन यायचे, अर्थात त्यांना आवडलेल्या कंपनीचा.

मी लग्न होऊन जळगावला आले, नोकरीला लागले, पोरं मोठी झाली. पाच वर्षांपूर्वी आबांच्या छातीत दुखलं आणि मोठं ऑपरेशन करायचं ठरलं. आबांनी आयुष्यात विहिरीत उतरताना, साप मारताना, मुलीच्या लग्नात कधी भीती दाखवली नव्हती. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी दवाखान्यातल्या खाटेवर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. आईने डब्यातली मऊ खिचडी ताटलीत काढली. ते हात लावेनात. मी समजावलं, आई रागावली, काही उपयोग झाला नाही. काका पायथ्याशी स्टुलावर बसले होते. सकाळपासून त्यांनी आबांना दवाखान्याच्या जनरेटरविषयी बरीच माहिती दिली होती. मध्येच ते काहीतरी बोलायला तोंड उघडायचे, पुन्हा मिटायचे आणि म्हणायचे, "पंखा जरा हळू फिरतो, नाही?"

शेवटी आबा उठून बसले. ताटली त्यांनी काकांच्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "घे रे भो, आधी तू वास घे. तू चांगलं म्हन, मंग खातो मी."

काकांनी डोळे मिटले. मला वाटतं त्या दिवशी सगळ्या वॉर्डात फक्त तो हळू फिरणारा पंखाच काय तो बोलत होता. डोळे उघडले, आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघतोय, आणि ते नेहमीचे दोन शब्द येईनात. मग एकदम अहिराणीत म्हणाले, "आबा, मी कधीच वास लिधा नही. मना नाकले वासच येत नही."

आम्हाला काही कळेना. मग काका बोलायला लागले, आणि इतकी वर्षं बंद पडलेली मोटर सुरू व्हावी तसं आधी गढूळ, मग स्वच्छ असं सगळं बाहेर आलं. मोटरीला लावायच्या वार्निशच्या वासाने त्यांचं नाक तरुणपणीच कामातून गेलं होतं. तूप, पापड, भरीत यांतलं त्यांना कशाचंच काही कळत नव्हतं. ते ताटावर वाकून प्रार्थना करत होते. "मी येशूना आभार मानस, आबा. तुना घरमा पयला घास खादा, त्या दिनपाईन."

"मंग सांगितलं काहून नई?" आबांनी विचारलं.

काका म्हणाले, "पहिल्यांदा भीती वाटली. लोक म्हणतील, हा मोटर भरायला आला की धर्म सांगायला? नंतर खोटं बोललो त्याची लाज वाटायला लागली. आणि खरं सांगू? दातवाल्या डॉक्टरला कोणी हसलं तर मला काही वाटत नाही. पायजम्याला हसलं तरी नाही. पण याला तुम्ही हसला असतात ना, तर ते मला सोसलं नसतं. जे सगळ्यात चांगलं होतं तेच मी लपवून ठेवलं."

आईच्या डोक्यात वेगळाच हिशेब चालला होता. ती हळूच म्हणाली, "भाऊ, मंग माह्या जावेची बरणी?"

काकांचा चेहरा उतरला. "वहिनी, त्या दिवशी सकाळी आमच्या हिचा रिपोर्ट आला होता. मी तिच्यासाठी मागत होतो. लोणचं ताटात आहे हेसुद्धा मला दिसलं नाही. तुम्हाला सांगावंसं फार वाटलं होतं, की तुम्हीही तिच्यासाठी दोन शब्द तुमच्या देवाजवळ बोला. पण मग मी काय करतोय ते सांगावं लागलं असतं."

आईने पदर डोळ्यांना लावला. ज्या तीन महिन्यांवर आम्ही इतकी वर्षं हसत आलो होतो, ते तीन महिने हा माणूस एकटा कुठे होता, हे आम्हाला त्या क्षणी कळलं. मला माझी स्वतःचीच लाज वाटली, कारण ती बरणीची गोष्ट मी ऑफिसात रंगवून सांगत असे.

आबांनी मात्र काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "इतके वर्सं आमाले फसवू राह्यला लेका तू! मंग आता मोठ्यानं म्हन. काय म्हनतो ते आमाले बी आयकू दे."

काकांनी पुन्हा डोळे मिटले. सुरुवात चर्चमधल्या पुस्तकी मराठीत झाली, "हे स्वर्गीय पित्या, या अन्नाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो," आणि दुसऱ्याच वाक्याला गाडी अहिराणीत आली. "बापा, मना दोस्त घाबरेल शे. मी बी घाबरेल शे. तू त्याना संगे ऱ्हाय. येशूना नावे मांगस. आमेन." एवढंच. मग त्यांनी सांगितलं, की बायको गेली तेव्हा गाळ्याचं शटर ओढून आत बसलेल्या त्यांना कोणी सोबत केली असेल तर येशूनेच केली, आणि तो आबांनाही सोबत करील असा त्यांचा भरवसा आहे. दाताच्या डॉक्टरबद्दल सांगताना जसे हातवारे करत, तसेच करत होते. मला गुण आला, तुम्हीही बघा.

आबा म्हणाले, "हे पाय, मी माह्या महादेवाले काही सोडनार नई."

"सोड म्हणून मी सांगतच नाही," काका म्हणाले. "मी सांगायचं काम केलं. पुढचं तू आणि तो बघा. दातवाल्याकडे तरी सगळं गाव कुठे गेलं होतं?" आबा हसले, त्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि त्यांनी सगळी खिचडी खाल्ली.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर काका रविवारी बायबल उघडं हातात घेऊन जळगावला जाऊ लागले आणि कोणी विचारलं तर "चर्चला" असं इतक्या जोरात सांगू लागले, की विचारणारा दचकायचा. नाताळची चांदणी नाताळातच लागली. तूप-पापडांच्या वाट्या मात्र गाळ्यावर येतच राहिल्या, कारण नाकाची खरी हकीकत त्यांनी घरोघर जाऊन सांगितली तरी अर्ध्या बायकांचा विश्वासच बसला नाही. मागच्या उन्हाळ्यात ते धुळ्याला भाचीकडे राहायला गेले आणि पावसाळा संपता संपता तिथेच गेले. आबांना प्रवास झेपत नाही, तरी ते मातीला गेले. प्रार्थना सुरू झाली तेव्हा धुळ्याच्या त्या शिंप्याकडचा, दुमडलेला पायजमा घालून ते सगळ्यांत पुढे उभे होते. मला काकांची फार आठवण येते. बाजारात काही चांगलं दिसलं की अजून वाटतं, काकांना कळलं तर उद्या गावात सगळ्यांकडे असेल.

या डिसेंबरात आमच्या मळ्यात भरीत झालं. माझा नवा जावई पुण्याचा, त्याची ही पहिलीच भरीत पार्टी. पंगत बसली, भरीत आलं, आणि ते आबांसमोर ठेवलं गेलं. आबांनी मान खाली घातली. आईने वाढायचा हात थांबवला. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, तरी सगळी पंगत भाकरी हातात धरून थांबली. जावयाने इकडेतिकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, "काय झालं आजोबा? भरीत बिघडलं का?"

आबा कमी बोलणारे. दुसरं काही असतं तर त्यांनी "काही नाही" म्हणून विषय संपवला असता. मला वाटलं तसंच होईल. पण आबांनी जावयाला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. मोटर, अकरा माणसांचे दात, पायजमा, काकूची बरणी, खिचडी. आणि तो माणूस ताटावर वाकून कोणाचे आभार मानायचा, तेही त्यांनी नाव घेऊन सांगितलं, गळ्यातल्या रुद्राक्षावर हात ठेवून. सांगून झाल्यावर त्यांनी पुन्हा डोळे मिटले. ते महादेवाशी बोलत होते, काकांशी, की काकांच्या येशूशी, हे मी विचारलं नाही. भरीत पार गार झालं होतं.

मग आबांनी डोळे उघडले आणि घास घ्यायच्या आधीच म्हणाले, "चांगलं झालं."